बोलणी कोणाशी, फौज कशासाठी

मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत बंगळुरूला गेलेला महामार्ग तिथून पुढे चेन्नईला जातो. चेन्नई जवळ आली की आधी श्रीपेरुंबुदूर लागतं आणि मग इरुंगाट्टुकोट्टै. आज हा सगळा पट्टा मोटारींच्या धंद्याचा आहे. इरुंगाट्टुकोट्टैच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत ह्युंदाईचा मोठा कारखाना आहे, जवळच मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. १९९१ साली यातलं बहुतेक काही नव्हतं. त्या वर्षी २१ मेच्या रात्री माजी पंतप्रधान राजीव गांधी विशाखापट्टणमहून मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर उतरले आणि पोरूर, पूनमल्ली करत याच रस्त्याने श्रीपेरुंबुदूरच्या प्रचारसभेला गेले. दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास चंदनाचा हार घेऊन पुढे आलेली एक तरुणी त्यांच्या पायांशी वाकली आणि तिने कमरेच्या पट्ट्यातल्या स्फोटकांचा स्फोट केला.

दहशतवादाला उत्तर लष्कराने द्यावं की मुत्सद्देगिरीने, या वादावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी या रस्त्यावरून सुरू करतो आहे, कारण त्या रात्री जो माणूस मारला गेला त्याने दोन्ही उपाय करून पाहिले होते. त्याच्या सरकारने श्रीलंकेशी करार केला, तिथे फौज पाठवली, लढता लढता पुन्हा बोलणी केली. या दोन्ही मार्गांची किंमत एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या मरणात दिसावी अशी दुसरी जागा आपल्या देशात मला आठवत नाही.

आपल्याकडे महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांमध्ये हा विषय वर्षानुवर्षं फिरतो आहे. एक बाजू म्हणते, पुरे झाली चर्चा, आता घुसून मारा. दुसरी म्हणते, युद्धाने प्रश्न सुटत नाहीत, शेवटी टेबलावरच बसावं लागतं. दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात आणि दोन्ही वाक्यं कुठल्याही देशाला, कुठल्याही वर्षाला चिकटवता येतात. तिथेच मला त्यांचा दोष दिसतो. फौज म्हटलं की ती कशासाठी आणि कुठवर, बोलणी म्हटलं की ती कोणाशी आणि कोणाच्या भरवशावर, हे सांगितल्याशिवाय वादाला सुरुवातच होत नाही. श्रीलंकेत आपल्याला हे फार महागात पडून कळलं, म्हणून ती हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे.

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची कत्तल झाली आणि निर्वासितांच्या होड्या तामिळनाडूच्या किनाऱ्याला लागू लागल्या. दिल्लीने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. जी. पार्थसारथी यांना मध्यस्थीसाठी कोलंबोला पाठवलं, आणि तमिळ बंडखोर गटांना गुपचूप शस्त्रं आणि प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दबावाखाली श्रीलंका सरकार तमिळांना हक्क देईल, असा त्यामागचा हिशोब होता. त्या गटांपैकी एलटीटीईने पुढे बाकीच्यांना संपवलं आणि तमिळांचा एकमेव आवाज आपणच, असं बंदुकीच्या जोरावर ठरवून टाकलं. जून १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या जाफन्यावर आपल्या हवाई दलाने मिराज विमानांच्या संरक्षणात मदतसामग्री टाकली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २९ जुलैला, कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. लढाई थांबायची, मग ७२ तासांत बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेचं सैन्य बराकीत परतायचं, तमिळ भागाला प्रांतिक सत्ता मिळायची, आणि या सगळ्याची हमी भारताने घ्यायची.

कागदावर करार चांगला होता, असं माझं आजही मत आहे. पण शस्त्रं ज्याने खाली ठेवायची त्या एलटीटीईच्या म्होरक्याची, प्रभाकरनची, त्यावर सही नव्हती. करार होत होता तेव्हा तो दिल्लीत एका हॉटेलात, आपल्या पहाऱ्यात होता. त्याला मनवलं, असं आपल्या बाजूने धरून चाललं होतं. ४ ऑगस्टला जाफन्याजवळ सुदुमलैच्या सभेत त्याने शस्त्रं देतो म्हटलं, आणि त्याच सभेत हा करार आपल्या माथी मारला गेला आहे हेही ऐकवलं. सिंहली बाजूलाही राग होताच. सहीच्या दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना रांगेतल्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. ज्या दोघांमध्ये भांडण होतं त्या दोघांनाही करार नको होता, आणि तो टिकवायला तिसऱ्या देशाचे जवान उभे होते.

करार राबवायला श्रीलंकेत गेलेल्या या भारतीय शांतिसेनेचं एकूण नेतृत्व पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल देपिंदर सिंग यांच्याकडे होतं आणि जाफन्यात उतरलेल्या ५४व्या डिव्हिजनचं मेजर जनरल हरकिरत सिंग यांच्याकडे. हरकिरत सिंग यांनी पुढे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सप्टेंबर १९८७ मधल्या एका रात्रीची हकीकत दिली आहे. प्रभाकरन दुसऱ्या दिवशी बोलण्यांसाठी भेटायला येणार होता. भारताचे उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनी फोन करून, तो आला की त्याला पकडा किंवा गोळी घाला, असं सांगितलं, असं हरकिरत सिंग लिहितात. त्यांनी वरिष्ठांना विचारलं आणि नकार कळवला. पांढरं निशाण दाखवून बोलायला येणाऱ्या माणसावर फौज गोळी चालवत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा अर्थात एका बाजूचा जबाब आहे. पण तो खरा धरला तर राजनैतिक अधिकारी गोळी घाला म्हणतो आहे आणि सेनापती बोलण्यांची मर्यादा पाळतो आहे. गणवेशातला माणूस म्हणजे बळ आणि सुटातला माणूस म्हणजे संवाद, ही आपल्या वादविवादातली सोयीची विभागणी या एका फोनवर मोडून पडते.

बोलणी ऑक्टोबरपर्यंत विस्कटली. एलटीटीईचा तिलीपन जाफन्यात पाण्याचा थेंबही न घेता उपोषणाला बसला आणि २६ सप्टेंबरला गेला. पाठोपाठ श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या बारा जणांनी, त्यात एलटीटीईचे दोन मोठे कमांडर होते, ५ ऑक्टोबरला सायनाइड खाऊन जीव दिला. त्यांना कोलंबोला न्यायचा हट्ट श्रीलंकेने धरला होता आणि शांततेचा हमीदार असलेल्या भारताला तो मोडून काढता आला नाही. शस्त्रं जमा करून घ्यायला गेलेली आपली फौज आठवड्याभरात लढाईत उतरली.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवण्यात आले. प्रभाकरनला तिथे धरायचा बेत होता. एलटीटीईला आधीच सुगावा लागला होता. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान उतरले, त्यातले २९ तिथेच मारले गेले आणि एकटा जिवंत हाती लागला. त्यानंतर जाफना घ्यायला ऑक्टोबर संपत आला. शहर मिळालं, प्रभाकरन निसटला. २५ नोव्हेंबरला आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन झडती आटोपून रात्री परतत असताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. मुंबईत जन्मलेला, एसआयईएसमध्ये शिकलेला आणि मद्रासच्या लष्करी प्रशिक्षण शाळेत अधिकारी झालेला हा माणूस. हल्लेखोरांच्या मागून वळसा घालून त्यांनी त्यांना गाठलं. समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. शांतिसेनेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. वादविवादात लष्करी कारवाई हे शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकाने निदान हे एक नाव आणि ही एक रात्र माहीत करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

शांतिसेना पाऊण लाखाच्या घरात गेली. अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले. तिकडे राष्ट्राध्यक्षपदी जयवर्धने जाऊन प्रेमदासा आले आणि भारताचं सैन्य लवकर जावं म्हणून त्यांनी खुद्द एलटीटीईला शस्त्रं पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या चालवून आलेल्या सैन्याचं स्वागत मी करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांनी फौज पाठवायचं ठरवलं ते वेगळेच, आणि तोंड फिरवलेलं पाहावं लागलं ते जवानांना. त्या दिवसाची आठवण मला आजही बोचते. प्रेमदासांना १ मे १९९३ रोजी एलटीटीईच्याच आत्मघातकी हल्लेखोराने मारलं.

मार्च १९९१ मध्ये एलटीटीईच्या वतीने लोक दिल्लीत राजीव गांधींना भेटून गेले. संबंध सुधारू या, असा सूर होता. तेव्हा त्यांना मारायची तयारी सुरू झालेली होती. राजीव पुन्हा सत्तेवर आले तर फौज परत येईल, ही भीती आणि शांतिसेनेचा सूड, हे दोन हेतू तपासात पुढे आले. बोलण्यांचं दार उघडं ठेवलं की माणूस सुरक्षित राहतो असं मानणाऱ्यांनी हा मार्च महिना लक्षात ठेवायला हवा.

त्यापुढचा भाग वादविवादात कधीच येत नाही, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्फोटात हरिबाबू नावाचा छायाचित्रकारही मेला. कटवाल्यांनीच त्याला फोटो काढायला आणलं होतं. त्याचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला. त्यातल्या फोटोंत हार घेऊन उभी असलेली धनू दिसली, पत्रकार म्हणून कुर्ता-पायजम्यात वावरणारा कटाचा सूत्रधार शिवरासन दिसला. डी. आर. कार्तिकेयन यांच्या विशेष तपास पथकाने त्या फोटोंपासून माग काढत कट उलगडला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरूजवळच्या कोणनकुंटेच्या घरात शिवरासनला गाठलं. मे १९९२ मध्ये भारताने एलटीटीईवर बंदी घातली. १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चौघांचीच फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि १९ जणांची सुटका केली. उरलेल्यांच्या शिक्षा पुढे कमी होत गेल्या आणि २०२२ मध्ये ते सगळे तुरुंगाबाहेर आले. यावर लोकांचा राग आहे, आणि तो मला कळतो. तरीही पंतप्रधान राहिलेल्या माणसाच्या खुनात १९ जणांचा फास सोडवणारं न्यायालय आपल्याकडे होतं, याचा मला अभिमान वाटतो.

कोलंबोच्या कराराच्या एक वर्ष आधी, याच पंतप्रधानांच्या काळात, दुसरा एक करार झाला होता. ३० जून १९८६ चा मिझोराम करार. मिझो नॅशनल फ्रंटने १९६६ मध्ये बंड केलं तेव्हा भारताने ऐझॉलवर स्वतःच्याच हवाई दलाकडून बॉम्ब टाकले होते. वीस वर्षं लढाई, गावं उठवणं, अधूनमधून बोलणी, असं चाललं. शेवटी सही खुद्द बंडाचे नेते लालडेंगा यांनी केली, आणि त्यांना मुख्यमंत्री होता यावं म्हणून काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहावला खुर्ची सोडून खाली उतरले. तो करार आजतागायत टिकला आहे. ज्याच्या हातात बंदूक त्याचीच सही, आणि सत्तेतल्या माणसाने स्वतःचं काहीतरी सोडणं, या दोन्ही गोष्टी कोलंबोत नव्हत्या. पंजाबातही अकाली नेते लोंगोवाल यांच्याशी झालेल्या राजीव-लोंगोवाल करारावर सही झाली जुलै १९८५ मध्ये, आणि महिन्याच्या आत लोंगोवालांना मारलं गेलं. बंदुका दुसऱ्यांच्या हातात होत्या. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९८६ रोजी, सुवर्णमंदिरातल्या ब्लू स्टार कारवाईच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य पुण्यात भर रस्त्यात मोटार चालवत असताना मारले गेले.

पण सहीने सगळं भागतं असंही नाही. २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने एलटीटीईने शस्त्रसंधीवर स्वतः सही केली, आणि तो काळ ताकद वाढवायला वापरला. २००५ मध्ये श्रीलंकेचे परराष्ट्रमंत्री कदिरगामर यांना त्यांच्या घरी, समोरच्या इमारतीतून नेम धरून मारलं. काही संघटना बोलण्यांकडे लढाईतली विश्रांती म्हणूनच पाहतात, आणि त्यांच्यापुढे बळाला पर्याय उरत नाही, हे मान्य करायला मला संकोच नाही. मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या लष्कराने एलटीटीई संपवली. पण शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने म्हटलं. आणि ज्यासाठी १९८७ चा करार झाला त्या प्रांतिक सत्तेचं काय? त्यासाठी केलेली श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती कागदावर आहे. उत्तर प्रांताच्या परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली, सत्ता मग राज्यपालांच्या हाती गेली. लढाई जिंकून सोळा वर्षं उलटली तरी तो प्रश्न तिथेच होता.

आता मुंबई. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर वेगळ्या जातीचे होते. त्यांना प्रांत नको होता, त्यांच्यामागे शेजारी देशातली यंत्रणा होती. अशा वेळी बोलणी दहशतवाद्यांशी नसतात. ती त्यांना पोसणाऱ्या देशाशी आणि त्या देशावर दाब आणू शकणाऱ्या जगाशी असतात. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी त्या हल्लेखोरांपैकी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत सापडला. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला जो पुराव्यांचा दस्तऐवज दिला गेला त्याचं वजन त्या जिवंत माणसामुळे होतं. आपल्या परराष्ट्र खात्याला जगापुढे ठेवायला जे मिळालं ते एका सहायक उपनिरीक्षकाने मिळवून दिलं.

तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी नंतर लिहिलं की त्यांनी स्वतः ताबडतोब, दिसेल असा लष्करी प्रतिहल्ला करावा असा आग्रह धरला होता. पाकिस्तानातल्या मुरिदकेचं लष्कर-ए-तय्यबाचं ठाणं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सरकारने ते ऐकलं नाही, आणि मागे वळून पाहता तो संयम बरोबर होता, असं त्यांनीच म्हटलं आहे. त्यातून मिळालं काय? लष्करच्या म्होरक्यांवर संयुक्त राष्ट्रांची बंदी मिळाली. दहशतवादाच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफच्या करड्या यादीत २०१८ ते २०२२ पाकिस्तान राहिला आणि त्या दाबाखाली लष्करचा संस्थापक हाफिज सईदला दहशतवादासाठी पैसे पुरवल्याबद्दल शिक्षा झाली. मुंबई हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या हवाली केलं. पण खुद्द मुंबईवरच्या हल्ल्याचा खटला पाकिस्तानात निकाली लागला नाही. मिळालं ते थोडं, आणि फार उशिरा.

राणाला आणून दोन आठवडे झाले नव्हते तोच काश्मीरमध्ये पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. २६ माणसं गेली. त्यांतली सहा महाराष्ट्राची होती, डोंबिवली, पुणे आणि पनवेल भागातली. ७ मे २०२५ च्या पहाटे मुरिदकेसह नऊ ठिकाणांवर भारताने हल्ला केला. १० मेला दोन्ही लष्करांच्या अधिकाऱ्यांनी फोनवर बोलून गोळीबार थांबवला. त्यानंतर सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं जगभर गेली. त्यांतल्या एकाचं नेतृत्व सुप्रिया सुळे यांच्याकडे होतं, एकाचं श्रीकांत शिंदे यांच्याकडे. १९८७ च्या तुलनेत इथे मला एक गोष्ट सुधारलेली दिसते. कुठवर जायचं ते पहिल्याच दिवशी जाहीर सांगितलं गेलं आणि विरोधी पक्षातली माणसंही ते जगाला सांगायला गेली. पण पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात आपली माणसं मेली, हा हिशोबही त्याच पानावर लिहावा लागेल. उद्ध्वस्त केलेली ठाणी पुन्हा उभी राहणार नाहीत याची हमी क्षेपणास्त्र देत नाही. ती पैशांचा माग, खटले आणि जगाचा दाब यांनीच, वर्षानुवर्षं खपून, मिळवावी लागते. आणि बळाचा वापर दर वेळी थोडा थोडा वाढत गेला, तर कुठल्या तरी वर्षी तो थांबवणारा फोन लागणार नाही, ही भीती मला वाटते.

या पुस्तकातल्या लेखकांचं एकमेकांशी पटत नाही. काहींना २००८ चा संयम भित्रेपणा वाटतो, काहींना २०२५ चा हल्ला नको होता असं वाटतं. मला स्वतःला मर्यादित, उद्देश सांगून केलेली कारवाई काही प्रसंगी आवश्यक वाटते. परक्या देशातल्या दोन बाजूंच्या भांडणात हमीदार म्हणून फौज पाठवणं मात्र कधीच मान्य होणार नाही. वाचकांनी माझं ऐकावं असं नाही. वाचताना फौजेची बाजू मांडणाऱ्याला विचारा, जवान परत कधी आणि काय झाल्यावर येणार. बोलण्यांची बाजू मांडणाऱ्याला विचारा, समोर सही कोण करणार आणि त्याने ती मोडली तर काय. ज्या लेखात याची उत्तरं नसतील तो कितीही चांगला लिहिलेला असला तरी बाजूला ठेवा.